श्वास सोडायला शिकूया
(जुनाट फुप्फुसविकार आणि योगाभ्यास)



श्वासोच्छ्वासाची क्रिया जन्मापासून आपोआप चालू असते. त्यामुळे तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ज्याचा श्वास बिघडतो त्यालाच त्याचे मोल कळते. दहा पायऱ्या चढून कठड्याला धरून उभे राहणारे, बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर थांबवणारे, रात्री आडवे होता येत नाही म्हणून भिंतीला टेकून बसणारे वडीलधारे आपल्या प्रत्येक वस्तीत, प्रत्येक चाळीत आढळतात. आपण त्या सर्वांच्या आजाराला सरसकट 'दमा' म्हणतो आणि "आता वय झाले" असे म्हणून विषय संपवतो.

अशा माणसाला भोवतालच्या मंडळींकडून दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पहिला सल्ला : "तुम्हाला दम लागतो ना, मग हलू नका, पडून राहा." दुसरा सल्ला : "रोज पहाटे जोरजोरात कपालभाती आणि भस्त्रिका करा, पंप सुटेल." दोन्ही सल्ले मायेने दिलेले असतात, पण दोन्ही अपायकारक आहेत. पहिल्याने माणूस दिवसेंदिवस दुबळा होत जातो. दुसऱ्याने एखादे वेळी थेट इस्पितळ गाठावे लागते. या दोहोंच्या मधला एक शांत, सुरक्षित आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. त्याची माहिती द्यावी, हा या लेखाचा हेतू होय. मी डॉक्टर नाही, बँकेच्या काउंटरवर बसणारी नोकरदार बाई आहे. तेव्हा येथे दिलेले काहीही सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, ही पहिली विनंती.

आजार नेमका कोणता?

वैद्यकशास्त्रात या आजाराला 'सी.ओ.पी.डी.' असे संक्षिप्त नाव आहे. श्वासमार्गात कायमचा अडथळा निर्माण करणारा जुनाट फुप्फुसविकार, असा त्याचा अर्थ. यात दोन बिघाड कमी-अधिक प्रमाणात एकत्र असतात. पहिला बिघाड श्वासनलिकांचा. त्या सुजतात, अरुंद होतात, त्यांत कफ साठतो. दुसरा बिघाड वायुकोशांचा. आपल्या फुप्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी इवले इवले हवेचे फुगे असतात. त्यांच्या पातळ भिंतींतून प्राणवायू रक्तात जातो. या भिंती झिजून फाटल्या की अनेक लहान फुग्यांचा मिळून एक मोठा, सैल फुगा होतो. जुन्या सुटलेल्या इलॅस्टिकसारखी त्याची ताणशक्ती गेलेली असते.

आता मुख्य मुद्दा नीट लक्षात घ्यावा. या रुग्णाला वाटते की, "मला हवा आत घेता येत नाही." प्रत्यक्षात अडचण हवा बाहेर सोडण्याची असते. श्वास सोडताना सैल झालेल्या नलिका मध्येच मिटतात आणि हवा आत कोंडून राहते. जुनी हवा बाहेर पडली नाही तर नवीन हवेला जागा कोठून मिळणार? मुंबईच्या लोकलमध्ये उतरणाऱ्यांना आधी उतरू दिले नाही तर चढणाऱ्यांची जी अवस्था होते, तीच येथे होते. घाबरून माणूस भरभर श्वास घेऊ लागतो, त्यामुळे सोडायला आणखी कमी वेळ मिळतो, आणखी हवा कोंडते. छाती फुगलेल्या पिंपासारखी होते. पोट आणि छाती यांच्यामधला श्वासपटल नावाचा घुमटाकार स्नायू दाबला जाऊन सपाट होतो आणि त्याची ताकद घटते. मग मानेचे व खांद्यांचे स्नायू श्वासाचे काम ओढू लागतात. म्हणून असा रुग्ण खांदे वर करून बसलेला दिसतो.

दमा, म्हणजे अस्थमा, हा वेगळा आजार आहे. त्यात नलिका आकसतात, पण औषधाने बहुतेक वेळा पुन्हा मोकळ्या होतात. सी.ओ.पी.डी.मधला अडथळा पूर्णपणे जात नाही. कोणाला काय झाले आहे हे नुसते ऐकून किंवा पाहून ठरत नाही. त्यासाठी 'स्पायरोमेट्री' नावाची फुंकण्याची तपासणी असते. औषध देऊन नळीत जोराने फुंकायला लावतात. सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडली, तर अडथळा आहे असे मानतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर थुंकीची तपासणीही करून घ्यावी. क्षयरोगाची ही तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

हा आजार आपल्या वाट्याला का येतो?

२०१६ सालच्या आकडेवारीच्या आधारे 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यानुसार भारतात सी.ओ.पी.डी.चे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे ३५ लाख माणसे या आजाराने दगावली. हृदयविकार व कर्करोग यांची जितकी चर्चा होते, तितकी या आजाराची होत नाही, कारण हा बहुतांशी कष्टकऱ्यांचा आजार आहे.

विडी-सिगारेट हे त्याचे ठळक कारण आहेच. परंतु ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नाही अशाही असंख्य लोकांना तो होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नेमका हाच विषय मांडला. चुलीवर लाकूड, गोवऱ्या, काटक्या जाळून स्वयंपाक करणाऱ्या आपल्या आया-बहिणी वर्षानुवर्षे धूर गिळत आल्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघरी गॅस पोहोचला, पण टाकी भरायला पैसे नसले की अनेक घरांत पुन्हा चूल पेटते. बंद खोलीत रात्रभर डासांची अगरबत्ती लावण्याची सवयही घातक आहे. एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म धूलिकण हे ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरणे केव्हाही चांगले.

कामाच्या ठिकाणची धूळ हे तिसरे मोठे कारण. लालबाग, परळ, नायगाव, वरळी येथील कापडगिरण्यांत ब्लो रूम व कार्डिंग खात्यात काम केलेल्यांना कापसाच्या तंतूंची धूळ बाधत असे. त्या आजाराला 'बिसिनोसिस' म्हणतात. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर जाताच छाती आवळून येणे, ही त्याची खूण. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, चिमण्या पडल्या, पण छातीत शिरलेल्या धुळीचा परिणाम मागे राहिला. दगडखाणीत, खडी फोडण्याच्या कामात सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन 'सिलिकोसिस' होतो. बिसिनोसिस आणि सिलिकोसिस हे दोन्ही कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहेत. विमा असलेल्या कामगाराने हा हक्क माहीत करून घ्यावा. याखेरीज पूर्वी झालेल्या क्षयाचे व्रण, लहानपणी वारंवार झालेला न्यूमोनिया ही कारणेही आहेत.

योगाभ्यासाने किती गुण येतो?

येथे भाबडी श्रद्धा नको आणि तुच्छताही नको. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहण्याची परंपरा जुनी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. नाडी, रक्तदाब, श्वास यांची मोजमापे घेऊन बोलावे, ही त्यांची शिकवण होती. त्याच दृष्टीने आपणही पाहू.

१९७८ मध्ये 'थोरॅक्स' या नियतकालिकात डॉ. टंडन यांचा ऑस्ट्रेलियातील अभ्यास आला. त्यात तीव्र अडथळा असलेल्या २२ रुग्णांपैकी निम्म्यांना नऊ महिने योगाभ्यास व निम्म्यांना फिजिओथेरपी देऊन तुलना केली होती. २०१२ मध्ये 'कॉक्रेन' या संस्थेने श्वसनाच्या व्यायामांवरील १६ अभ्यास एकत्र तपासले. प्राणायामयुक्त योगाभ्यास तीन महिने करणारे रुग्ण सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत, अभ्यास न करणाऱ्यांपेक्षा सरासरी ४५ मीटर अधिक चालले. ओठ आवळून श्वास सोडण्याच्या सरावाने हा फरक ५० मीटर आला. मात्र हे अभ्यास लहान होते. तसेच दम लागण्याच्या त्रासात सर्वांना सारखा फरक पडला, असे दिसले नाही, हेही त्याच अहवालात नमूद आहे. २०१५ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. रणदीप गुलेरिया व सहकाऱ्यांनी ६० रुग्णांचे दोन गट करून १२ आठवडे एका गटाला योगाभ्यास आणि दुसऱ्याला प्रचलित फुप्फुस-पुनर्वसनाचे व्यायाम दिले. दोन्ही गटांत जवळपास सारखी सुधारणा आढळली.

यातून निष्कर्ष असा निघतो : फाटलेले वायुकोश योगाने पुन्हा सांधले जात नाहीत. 'योगाने सी.ओ.पी.डी. समूळ बरा होतो' असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. परंतु उरलेल्या फुप्फुसाचा उपयोग अधिक चांगला करता येतो, पाय बळकट होतात, घाबरगुंडी कमी होते. ४५ मीटर म्हणजे काय? घरातून निघून सार्वजनिक नळापर्यंत किंवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत न थांबता जाता येणे. जो माणूस उंबऱ्यापर्यंत अडकला आहे, त्याला हा फरक फार मोठा वाटतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर मंडळी आमच्या शाखेत येतात. काहींना दारापासून काउंटरपर्यंत येताना दोनदा थांबावे लागते. जिवंत असल्याचा कागद द्यायला येताना माणसाची अशी दमछाक व्हावी, हे पाहून जीव गलबलतो.

अभ्यासक्रम : सोपे सात पाठ

सकाळी पोट हलके असताना किंवा जेवणानंतर किमान दोन तासांनी करावे. खोलीत हवा खेळती असावी. अगरबत्ती, धूप, कापूर यांचा धूर अजिबात नसावा. कपडे सैल असावेत. कंबरेला करकचून नाडी नको. जमिनीवर मांडी घालून बसलेच पाहिजे असा नियम नाही. पाठ टेकायला असलेली बिनचाकांची खुर्ची उत्तम. डॉक्टरांनी सांगितले असल्यास श्वासमार्ग मोकळा करणारा पंप आधी घ्यावा.

पाठ १ : विसाव्याची बैठक. दम लागला की आधी ही बैठक घ्यावी. खुर्चीवर बसून किंचित पुढे झुकावे, कोपरे किंवा तळहात मांड्यांवर टेकवावेत, खांदे सैल सोडावेत. हातांना आधार मिळाला की खांद्यांचे स्नायू श्वासाला मदत करू शकतात. रस्त्यात असाल तर कठड्यावर किंवा भिंतीवर हात टेकून पुढे झुकावे.

पाठ २ : फुंकरीचा श्वास. हा सर्वांत महत्त्वाचा पाठ आहे. बाकी सारे विसरले तरी हा विसरू नये. तोंड मिटून नाकाने हळूच श्वास घ्यावा, मनात 'एक, दोन' मोजावे. छाती ठासून भरू नये. मग बशीतला गरम चहा निववताना करतो तसे ओठ करून सावकाश फुंकर सोडावी, 'एक, दोन, तीन, चार' मोजावे. जोर लावू नये, गाल फुगवू नयेत. समोर मेणबत्ती आहे, तिची ज्योत हलावी पण विझू नये, अशी कल्पना करावी. अरुंद ओठांमुळे आतील नलिकांवर मागे हलकासा दाब राहतो, त्या मिटत नाहीत आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. पाच ते दहा वेळा करून थांबावे. दिवसातून चार-पाच वेळा, दम लागलेला नसतानाही सराव करावा, म्हणजे ऐनवेळी आठवतो. पुढच्या प्रत्येक पाठात श्वास असाच सोडायचा आहे.

पाठ ३ : पोटाचा श्वास. पाठ टेकून बसावे, एक हात पोटावर, एक छातीवर. श्वास घेताना पोटावरचा हात किंचित पुढे यावा, सोडताना मागे जावा. पाच वेळा पुरे. मात्र आजार फार वाढलेला असेल तर श्वासपटल सपाट झालेले असते. तेव्हा या पाठाने उलट दम वाढतो. तसे वाटल्यास हा पाठ सरळ सोडून द्यावा. त्यात कमीपणा नाही.

पाठ ४ : हात व खांद्यांची हालचाल. खुर्चीवर बसूनच खांदे पुढून मागे पाच वेळा गोल फिरवावेत. मग एक हात नाकाने श्वास घेत खांद्याइतका वर न्यावा, फुंकर सोडत खाली आणावा. नंतर दुसरा हात. पुढे सवय झाल्यावर दोन्ही हात डोक्यावर नेऊन बसल्या बसल्या ताडासन करावे. या रुग्णांना केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना दम लागतो, त्याचे कारण हात वर असताना खांद्यांचे स्नायू दोन्हीकडे कामाला लागतात. हा पाठ त्यासाठीच आहे.

पाठ ५ : पायांचे बळ. हाताचा आधार घेऊन खुर्चीवरून उठावे आणि पुन्हा सावकाश बसावे. उठताना फुंकर सोडावी. पाच वेळांपासून सुरुवात करावी. 'जोर लावताना श्वास सोडायचा' हा नियम घरकामातही पाळावा. बादली उचलताना, कुकर उतरवताना, पायरी चढताना श्वास रोखून धरू नये, तेव्हाच तो सोडावा.

पाठ ६ : पावलांचा ताल. सपाट जागेवर दोन पावले श्वास घेत आणि चार पावले फुंकर सोडत चालावे. बोलत बोलत चालता आले पाहिजे इतकाच वेग ठेवावा. पहिल्या आठवड्यात दोनदा पाच-पाच मिनिटे, नंतर दर आठवड्याला एक-दोन मिनिटे वाढवावीत. थोडा दम लागणे हे वाईट नाही. थांबून विसाव्याची बैठक घेतल्यावर तो काही मिनिटांत उतरला पाहिजे.

पाठ ७ : शांत प्राणायाम व विश्रांती. शेवटी अनुलोम-विलोम पाच आवर्तने करावीत. एका नाकपुडीने सावकाश घ्यावा, दुसरीने सावकाश सोडावा, मध्ये श्वास रोखू नये. नाक चोंदलेले असेल तर हा प्रकार टाळावा. मग भ्रामरी तीन-चार वेळा. ओठ मिटून मधमाशीसारखा गुंजारव केला की श्वास सोडण्याचा काळ आपोआप लांबतो. त्यानंतर शवासन. पण ते सपाट निजून नको. दोन-तीन उशा पाठीमागे घेऊन अर्धवट टेकून पाच मिनिटे स्वस्थ पडावे.

सर्व पाठ मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पहिल्या आठवड्यात फक्त पाठ १, २ आणि ६ करावेत, मग एकेक वाढवावा. एका साध्या वहीत रोजकीर्द ठेवावी : किती मिनिटे चाललो, किती वेळा थांबलो. फुप्फुसाची गेलेली ठेव परत मिळत नाही, पण उरलेल्या शिलकीत घर कसे चालवावे हे कष्टकरी माणसाला शिकवावे लागत नाही. रोजचे थोडे थोडे जमा झालेले दोन-तीन महिन्यांनी वहीतच दिसते.

काय करू नये?

१) कपालभाती, भस्त्रिका यांसारखे जोराचे व जलद प्रकार. त्यांत श्वास सोडायला वेळच मिळत नाही, हवा अधिक कोंडते. कमकुवत झालेला वायुकोश फुटून हवा छातीच्या पोकळीत शिरण्याचा धोका असतो. कपालभाती करताना एका निरोगी तरुण स्त्रीला असे झाल्याची नोंद २००४ मध्ये 'चेस्ट' या नियतकालिकात आलेली आहे. मग आजारी फुप्फुसाची काय कथा?

२) कुंभक, म्हणजे श्वास दीर्घकाळ रोखून धरणे. पंपाचे औषध ओढल्यावर डॉक्टर दहा सेकंद थांबायला सांगतात, ती गोष्ट वेगळी. औषध आत स्थिरावण्यापुरतेच ते असते.

३) शीर्षासन, सर्वांगासन, हलासन व पोट दाबून खाली वाकण्याचे प्रकार.

४) ताप, वाढलेला खोकला, कफाचा रंग पिवळा-हिरवा होणे, पायांवर सूज, अशा काळात व्यायाम. आधी डॉक्टरांकडे जावे. थुंकीत रक्त दिसले तर त्याच दिवशी जावे.

व्यायाम करताना छातीत दुखणे, चक्कर, घाम फुटणे, ओठ-नखे निळसर होणे, विश्रांतीनेही दम न उतरणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी. करोनाच्या काळात अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. ते असल्यास कोणत्या आकड्याखाली थांबायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. पण सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते, म्हणून आकडा ठीक असूनही जीव घाबरत असेल तर आपल्या शरीराचे ऐकावे.

आनापान आणि श्वासाचा व्यायाम

आपल्यापैकी अनेकांनी इगतपुरीला किंवा अन्यत्र शिबिरात आनापान केलेले असते. त्यामुळे 'आम्ही श्वासाचे करतोच की' असे काही जण म्हणतात. या दोन गोष्टींत फरक आहे. प्राणायामात श्वासाला वळण लावायचे असते. आनापानात श्वासाला काहीही करायचे नसते. तो आखूड असो की लांब, जसा आहे तसा तटस्थपणे जाणायचा असतो. मज्झिम निकायातील ११८ वे सुत्त याच विषयावर आहे. आनापान हे फुप्फुसाचे औषध नव्हे आणि त्याचा हेतूही तो नाही.

तरीसुद्धा दम लागणाऱ्याला त्याची एक मोठी मदत होऊ शकते. दम लागला की भीती वाटते, भीतीने श्वास जलद होतो, जलद श्वासाने दम वाढतो. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते. 'आता श्वास आखूड आहे' एवढे शांतपणे पाहण्याची सवय असलेला माणूस कमी घाबरतो, आणि त्याला फुंकरीचा श्वास आठवायला उसंत मिळते. ज्यांना श्वासाकडे लक्ष दिल्याने उलट कासावीस वाटते, त्यांनी तो आग्रह धरू नये. तळहातांच्या स्पर्शाकडे लक्ष द्यावे किंवा डोळे उघडे ठेवून बसावे.

औषध सोडू नये

'पंपाची सवय लागते' हा समज घराघरांत आहे. त्यापायी किती तरी रुग्ण बरे वाटले की पंप बंद करतात आणि पुढच्या थंडीत दवाखान्यात भरती होतात. पंपाचे औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून गोळीपेक्षा त्याची मात्रा फार कमी असते. ते ओढण्याची रीत दवाखान्यात पुन्हा एकदा करून दाखवावी व चूक सुधारून घ्यावी. स्पेसर नावाची नळी वापरल्यास औषध घशात न अडकता खाली पोहोचते. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरावी. योगाभ्यास हा औषधाच्या जोडीने करायचा आहे, औषधाच्या बदल्यात नाही. औषध कमी करायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

विडी सोडणे हा मात्र सर्व उपायांचा राजा आहे. त्याने आजाराचा पुढचा वेग मंदावतो. सोडण्यासाठी मदत हवी असल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनीवर विचारता येते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांशी बोलावे. एकदम पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे चार वेळा खावे. डाळ, अंडी, मासे, शेंगदाणे असा ताकद देणारा आहार ठेवावा, कारण या आजारात स्नायू झडतात.

आपण काय करू शकतो?

हे सर्व एकट्याने घरी करणे कठीण जाते. चार दिवस होते आणि पाचव्या दिवशी सुटते. म्हणून कार्यकर्त्यांपुढे एक सूचना ठेवते. आपल्या विहारात आठवड्यातून दोन सकाळी अर्धा तास दम्याच्या रुग्णांसाठी राखून ठेवावा. लागणारे सामान म्हणजे दहा खुर्च्या आणि मोकळी खिडकी. पहिल्या दिवशी जवळच्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयातील फिजिओथेरपिस्टना बोलावून प्रत्येकाला काय झेपेल ते ठरवून घ्यावे. त्या वेळी विहारात अगरबत्ती-मेणबत्ती लावू नये, बुद्धरूपापुढे फुले ठेवावीत. क्षयाचे उपचार चालू असलेल्यांनी डॉक्टरांच्या परवानगीनंतरच समूहात यावे.

तरुण मुलांनी आपल्या आजी-आजोबांना हात धरून तेथपर्यंत आणावे आणि त्यांच्याबरोबर चालताना पाऊल आवरते घ्यावे. घरातल्या सुनांनी चुलीजवळ एक खिडकी, एक धुराडे मागून घ्यावे, कारण उद्याचा रुग्ण आजच्या धुरात तयार होत असतो. आणि ज्यांना दम लागतो त्यांनी आज रात्रीच, हा अंक बाजूला ठेवल्यावर, खुर्चीत टेकून बसावे. दोन अंक घ्यावा, चार अंक सोडावा. घाई करू नये. आधी जुनी हवा बाहेर जाऊ द्यावी, नवीन आपोआप येते.